बॅगेला पाय फुटले

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

घरातली एखादी वस्तू जागेवर सापडली नाही, की आपल्याकडे म्हणतात, "तिला काय पाय फुटले?" हा वाक्प्रचार मी जन्मभर ऐकत आलो. पण पाय फुटलेली बॅग प्रत्यक्ष पाहायचा योग आला तो उतारवयात, मुंबईच्या विमानतळावर. मुलीला सोडायला गेलो होतो. सात-आठ वर्षांचा एक मुलगा घोड्यावर बसावं तसा आपल्या बॅगेवर बसून, छोटं हँडल धरून, झुईकन आमच्या समोरून गेला. मागून त्याचे वडील धावत होते. त्यांच्या हातात दुसरी बॅग होती. साधी, एक चाक वाकडं झालेली. दारावरच्या जवानाने आधी मुलाकडे पाहिलं, मग बॅगेकडे. हिला वाहन म्हणून अडवावं की सामान म्हणून सोडावं, हे त्याला बहुधा ठरवता येईना. शेवटी त्याने नुसतं तिकीट मागितलं.

मी शाळेत इतिहास शिकवत असे. त्यामुळे नवी वस्तू दिसली की तिची वंशावळ काढायची खोड काही सुटत नाही. घरी येऊन या बॅगेचीही काढायला बसलो आणि एका जुन्या प्रश्नाशी येऊन थांबलो. चाक माणसाला हजारो वर्षांपासून माहीत आहे आणि पेटीही माहीत आहे. मग या दोघांचं लग्न लागायला १९७० साल का उजाडावं लागलं? त्याच्या आदल्या वर्षी, १९६९ च्या जुलैत, माणूस चंद्रावर जाऊन आला होता. चांद्रयान तयार करणारे इंजिनिअर विमानतळावर मात्र बॅगा हातात उचलूनच चालत होते. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट शिलर यांच्यासारख्या विद्वानांनाही या कोड्याने आपल्या पुस्तकांत गुंतवून ठेवलं आहे.

माझ्या पिढीला या प्रश्नाचं अर्धं उत्तर पुस्तक न उघडताच देता येईल. आमच्या लहानपणचं सामान आठवून पाहा. एक पत्र्याची ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगात वडिलांचं नाव आणि हुद्दा. एक होल्डॉल, त्यात गाद्या-उशांपासून चपलांपर्यंत सगळं कोंबलेलं. फराळाचा डबा आणि फिरकीचा तांब्या. वडील पोस्टात होते, दर तीन-चार वर्षांनी बदली व्हायची. गाडी फलाटाला लागायच्या आधीच लाल सदऱ्यातले हमाल डब्याबरोबर धावू लागत. दंडावर पितळी बिल्ला, डोक्यावर फडक्याची चुंबळ. ट्रंक डोक्यावर, तिच्यावर होल्डॉल, एका हातात आणखी एक पिशवी, आणि तरीही तो माणूस आमच्यापुढे इतका झपाझप चाले की आई आम्हाला म्हणे, "त्याच्या बिल्ल्याचा नंबर पाठ करून ठेवा रे."

त्या ट्रंकेला चाकं कशासाठी हवी होती? तिला पाय होतेच. ते दुसऱ्याचे होते, इतकंच.

मी हे स्मरणरंजन म्हणून सांगत नाही; त्याला लेखी पुरावा आहे. बर्नार्ड सॅडो नावाचे गृहस्थ अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात बॅगा बनवणाऱ्या एका कंपनीत उपाध्यक्ष होते. १९७० मध्ये ते कुटुंबासह अरुबा बेटावरून सुट्टी संपवून परतत होते. दोन जड सूटकेसी घेऊन कस्टमच्या रांगेत उभे असताना त्यांना एक कामगार दिसला. चाकांच्या फळीवर ठेवलेलं एक अवजड यंत्र तो सहज ढकलत नेत होता. सॅडो बायकोला म्हणाले, आपल्याला हेच हवंय. घरी परतल्यावर त्यांनी कपड्यांच्या मोठ्या पेटाऱ्याची चाकं काढून सूटकेसीच्या बुडाला चार ठिकाणी बसवली, पुढे एक पट्टा बांधला आणि कुत्र्याला साखळीने न्यावं तशी ती ओढून पाहिली. १९७२ मध्ये त्यांना पेटंट मिळालं. त्या पेटंटच्या मजकुरातच कारण नोंदवलेलं आहे. त्याचा मथितार्थ असा, की पूर्वी सामान हमाल उचलत आणि ते रस्त्याजवळ सोयीच्या जागी चढवलं-उतरवलं जाई. आता टर्मिनल, विशेषतः विमानांची, एवढी मोठी झाली आहेत की सामान नेणं ही अडचण होऊन बसली आहे.

म्हणजे चाक सुचलं ते हमाल दिसेनासा झाल्यावर. अमेरिकेतल्या रेल्वे स्टेशनांवरच्या हमालांना लाल टोपीवरून 'रेडकॅप' म्हणत. त्यांच्यात बहुसंख्य कृष्णवर्णीय होते, आणि त्यांचं पोट मुख्यतः बक्षिशीवर चाले. १९३७ मध्ये त्यांनी आपली संघटनाही उभारली. पण प्रवासी रेल्वेकडून विमानाकडे वळले, आणि विमानतळावर दारापासून विमानापर्यंतची वाट लांबतच गेली.

हे झालं अर्धं उत्तर. उरलेलं अर्धं जास्त गमतीचं आहे, आणि थोडं लाजिरवाणंही. सॅडो आपली बॅग घेऊन मोठमोठ्या दुकानांत गेले, तर एकामागून एक नकार आले. का? तर पुरुष अशी बॅग ओढत नेणार नाहीत. बॅग उचलणं हे पुरुषाचं काम, आणि ती ओढणं म्हणजे आपल्याला उचलता येत नाही याची कबुली. शेवटी न्यूयॉर्कच्या मेसीज या दुकानाने ती ठेवली आणि ती खपली.

स्वीडिश लेखिका काट्रीन मार्सल यांनी 'मदर ऑफ इन्व्हेन्शन' या पुस्तकात (इंग्रजी आवृत्ती २०२१) हा धागा आणखी मागे नेला आहे. पेटीला पट्ट्याने बांधायच्या चाकांच्या जाहिराती ब्रिटनमध्ये १९४० च्या दशकातच येत होत्या, हे त्यांनी दाखवलं. पण त्या वस्तू बायकांसाठी समजल्या जात, म्हणून कोणी त्यांना गंभीरपणे घेतलं नाही. बाई प्रवासाला निघाली तर तिची बॅग उचलायला बरोबर पुरुष असणारच, असं सगळे गृहीत धरून चालले होते. त्यांनी दिलेला १९६७ चा एक किस्सा मला फार आवडतो. लेस्टरशायरमधली एक बाई चाकांची बॅग घेऊन बसमध्ये चढली. कंडक्टरने तिला बॅगेचं वेगळं तिकीट घ्यायला लावलं. त्याचं म्हणणं, चाकं असलेली कोणतीही वस्तू म्हणजे बाबागाडी! बाईंनी स्थानिक वर्तमानपत्राला खरमरीत पत्र लिहून विचारलं, की मी चाकांचे स्केट घालून चढले असते, तर मला प्रवासी म्हणून तिकीट दिलं असतं की बाबागाडी म्हणून? हा कंडक्टर लक्षात ठेवा, तो पुढे पुन्हा भेटणार आहे.

परदेशी पुरुषांना हसण्याआधी मला माझ्या घरातली गोष्ट सांगायला हवी. वडील निवृत्त झाल्यावर मी त्यांना चाकांची एक बॅग आणून दिली. तोवर त्यांचं सगळं आयुष्य हमालीचे पैसे वाचवण्यात गेलं होतं. घासाघीस करूनही भाव पटला नाही, तर ते सरळ ट्रंकेचं एक कडं स्वतः धरत आणि दुसरं मला देत. त्या हट्टापायी कंबर धरली होती, उठताना भिंतीचा आधार लागत असे. नवी बॅग त्यांनी उलटीपालटी करून पाहिली, चाकं बोटाने फिरवली, "छान आहे" म्हणाले. आणि पुण्याच्या स्टेशनवर ती हातात उचलून निघाले. मी म्हटलं, "दादा, ओढा ना." तर म्हणाले, "चाकं झिजतील." त्या बॅगेच्या कडीला हात लावायची आईला परवानगी नव्हती. ती मागून पिशवी घेऊन चालत होती.

असो. सॅडोंची बॅग आडवी आणि पट्ट्याची असल्याने वळणावर कलंडायची. तिला आजचं उभं रूप दिलं नॉर्थवेस्ट एअरलाइन्सचे वैमानिक रॉबर्ट प्लाथ यांनी, १९८७ मध्ये. बॅग उभी केली, दोनच मोठी चाकं लावली, आत सरकणारा लांब दांडा बसवला. सुरुवातीला त्यांनी ती वैमानिकांना आणि हवाई सुंदरींनाच विकली. गणवेशातली ही मंडळी ऐटीत बॅगा ओढत विमानतळावरून चालू लागली आणि प्रवाशांना ती आपल्यालाही हवीशी वाटली. जो प्रकार काल दुबळेपणाचा होता, तोच वैमानिकाच्या हातात रुबाबाचा झाला. पुढे चार चाकांची, कुठल्याही दिशेला फिरणारी बॅग आली ती एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला.

आपल्याकडे पत्र्याच्या ट्रंकेची जागा १९७० च्या दशकात व्हीआयपीसारख्या कंपन्यांच्या टणक प्लॅस्टिकच्या सूटकेसने घेतली. नाशिकचे कारखाने त्यासाठी ओळखले जाऊ लागले. लग्नाच्या आहेरात सूटकेस नसेल तर आहेर अपुरा वाटण्याचे ते दिवस. चाकं मात्र सावकाश आली, कारण आपले रस्ते आणि फलाट काही विमानतळासारखे गुळगुळीत नव्हते. पण आली, आणि ती आल्यावर काय झालं हे आपण पाहिलंच आहे.

ज्या १९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरला, त्याच वर्षी महाराष्ट्राने माथाडी आणि हमाल कामगारांसाठी कायदा केला. माथ्यावर ओझं वाहणाऱ्याला मजुरीची आणि कल्याणाची हमी देणारा हा कायदा आपल्या राज्याचं भूषण आहे. स्टेशनवरच्या बिल्लेवाल्या हमालाची गोष्ट मात्र वेगळी. तो रेल्वेचा नोकर नाही, परवानाधारक आहे. त्याला पगार नाही, ओझं मिळेल तेवढीच कमाई. २००८ च्या रेल्वे अर्थसंकल्पात लालूप्रसाद यादव यांनी या हमालांना गँगमनच्या कामावर घेण्याची घोषणा केली आणि बरेच जण त्या वाटेने गेले. २०१६ मध्ये सुरेश प्रभूंनी 'कुली' हा शब्द बदलून 'सहायक' केला. शब्द चांगला आहे. पण पुणे स्टेशनवरचा माझ्या ओळखीचा एक म्हातारा हमाल मला म्हणाला, "मास्तर, पूर्वी गाडी आली की पळायचो, आता गाडी आली की बघत बसतो. चाकाची बॅग जिन्यापाशी अडते, तेवढीच आमची कमाई. आणि आता तिथंही सरकते जिने लावायला लागलेत." त्याच्या डोक्यावर चुंबळ नव्हती. मी तिच्याविषयी विचारलं, तर खांद्यावरचं फडकं दाखवून म्हणाला, "घाम पुसायला होतं की."

इथवर ओझं दुसऱ्याच्या डोक्यावरून आपल्या हातात आणि हातातून जमिनीवर आलं. पुढची पायरी म्हणजे बॅगेने स्वतःहून चालणं, आणि त्यासाठी तिच्यात बॅटरी हवी. सतत विमानाने फिरणाऱ्या नोकरदारांना डोळ्यांपुढे ठेवून ही बॅग 'स्मार्ट' झाली. २०१४ मध्ये अर्जेंटिनाच्या तरुणांनी सुरू केलेल्या ब्लूस्मार्ट कंपनीने इंटरनेटवरून लोकांकडे आगाऊ पैसे मागितले आणि वीस लाख डॉलरच्या वर रक्कम उभी राहिली. या बॅगेला फोनवरून कुलूप लागे, तिचं वजन हँडलमध्येच कळे, ती कुठे आहे हे नकाशावर दिसे आणि तिच्यावर फोनही चार्ज होई. पाय फुटले तरी सापडणारी बॅग!

घात केला तो बॅटरीने. लिथियमची बॅटरी बिघडली तर आपोआप तापत जाते आणि पेट घेते. प्रवाशांच्या केबिनमध्ये असं झालं तर कर्मचारी आग विझवू शकतात. पोटातल्या सामानाच्या कप्प्यात ते कोणाला दिसणारही नाही. म्हणून काही मोठ्या अमेरिकी विमान कंपन्यांनी १५ जानेवारी २०१८ पासून नियम केला, की बॅटरी काढता येत नसेल तर ती बॅग विमानात नाही. ब्लूस्मार्टची बॅटरी प्रवाशाला काढता येण्यासारखी नव्हती. मे २०१८ मध्ये कंपनी बंद पडली.

माझा भाचा महिन्यातले पंधरा दिवस विमानात असतो. त्याच्याकडे अशीच एक बॅग होती; दुसऱ्या कुठल्याशा कंपनीची. तिची बॅटरी निघायची, पण छोटा स्क्रू-ड्रायव्हर लावून. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, बॅटरी काढा. स्क्रू-ड्रायव्हर होता घरी. रांगेतल्या कोणीतरी दहा पैशांचं जुनं नाणं काढून दिलं, ते बसेना. शेवटी एका बाईंच्या केसांतल्या पिनेने स्क्रू फिरला. "मामा," तो मला म्हणाला, "जगातली सगळ्यात हुशार बॅग एका आकड्यापुढे हरली."

स्वतः धावणाऱ्या आणि माणसाला घेऊन धावणाऱ्या बॅगेवर यांत्रिकी दृष्टीने फारसं आश्चर्य करण्यासारखं नाही. ई-स्कूटरचीच ही धाकटी बहीण. चीनच्या हुनान प्रांतातल्या छांग्शा इथले एक शेतकरी, ह लियांगचाय, यांनी दहा वर्षं खटपट करून सूटकेसीची तीनचाकी स्कूटर बनवली आणि २०१४ मध्ये जगभरच्या वर्तमानपत्रांत त्यांचे फोटो झळकले. सात किलो वजन, ताशी वीस किलोमीटर वेग. २०१६ मध्ये अमेरिकेत शिकागोच्या केविन ओ'डॉनेल यांनी मोडोबॅग आणली. ताशी तेरा किलोमीटरपर्यंत धावणारी. पण हिचं रिकामं वजनच साडेआठ किलोच्या आसपास. आपल्या देशांतर्गत विमानांत साध्या वर्गाच्या प्रवाशाला केबिनमध्ये सात किलो नेता येतात. म्हणजे आत एक रुमालही न ठेवता ही बॅग नियमाबाहेर. ओझं वाहायला घेतलेली वस्तू स्वतःच ओझं झाली, हे कोणाला आधी कसं सुचलं नाही, देव जाणे.

आणि आता तो बस-कंडक्टर. जपानमध्ये माणसाला बसता येणारी मोटारची बॅग कायद्याने मोटारगाडीत मोडते. सार्वजनिक रस्त्यावर चालवायला परवाना आणि सुरक्षेची साधनं लागतात. मार्च २०२४ मध्ये ओसाकामध्ये एक परदेशी महिला अशा बॅगेवर बसून पदपथावरून गेली. पोलिसांनी विनापरवाना गाडी चालवल्याचं प्रकरण करून ते सरकारी वकिलांकडे धाडलं. लेस्टरशायरच्या त्या कंडक्टरला स्वर्गात समाधान वाटलं असेल. पण इथे मी पोलिसांच्या बाजूचा आहे. पदपथ पायी चालणाऱ्यांचा. त्यांच्यात म्हातारे असतात, आणि ज्यांना समोरून येणारी बॅग दिसतच नाही असेही असतात.

अशाच एका बाईंमुळे या सगळ्या वंशावळीविषयी माझं मत बदललं. चिएको असाकावा या जपानी संगणकशास्त्रज्ञ. लहानपणी पोहण्याच्या तलावात झालेल्या अपघातानंतर चौदाव्या वर्षापर्यंत त्यांची दृष्टी पूर्ण गेली. आयबीएममध्ये असताना त्यांनी अंधांना वेबपानं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम १९९७ मध्ये तयार केला. कामासाठी त्या एकट्या देशोदेशी फिरत. प्रवासात त्यांच्या लक्षात आलं, की बॅग मागे ओढण्याऐवजी पुढे ढकलली तर पायरी किंवा अडथळा आला की आधी बॅग थांबते आणि आपण वाचतो. यातून 'एआय सूटकेस'ची कल्पना निघाली. तिच्यात कॅमेरे आहेत, अंतर मोजणारे लेसर आहेत, मोटार आहे. ती पुढे चालते, हँडलच्या थरथरीने वळण सुचवते, आजूबाजूला काय आहे ते बोलून सांगते. कार्नेगी मेलन विद्यापीठात तिचा अभ्यास झाला, जपानी कंपन्यांनी एकत्र येऊन ती पुढे नेली. असाकावा २०२१ पासून टोकियोच्या मिराइकान या विज्ञान संग्रहालयाच्या प्रमुख झाल्या आणि तिथे पाहुण्यांना ही बॅग घेऊन फिरता येऊ लागलं. २०२५ च्या जागतिक प्रदर्शनातही ती होती, आणि ते प्रदर्शन भरलं होतं ओसाकामध्येच.

तिचं रूप बॅगेचं का ठेवलं? कारण विमानतळावर बॅग घेऊन चाललेल्या बाईकडे कोणी वळून पाहत नाही.

हे वाचलं तेव्हा मला आई आठवली. वडील गेल्यानंतरच्या वर्षी नागपूरला बहिणीकडे जायचं तिने ठरवलं. वयाच्या बासष्टाव्या वर्षी, आयुष्यात पहिल्यांदा एकटीने. मी सोडायला येतो म्हटलं, तर नको म्हणाली. माळ्यावरून तीच बॅग काढायला लावली. इतकी वर्षं वापरूनही तिची चाकं नवी कोरी होती. आईने दांडा धरला, फाटकापर्यंत दोनदा ओढून पाहिली, आणि रिक्षात बसली. नंतर ती नागपूरला, पंढरपूरला, एकदा काशीलाही जाऊन आली. बॅग अजून माझ्याकडे आहे. डावं चाक अर्ध्याहून जास्त झिजलंय, उजवं तर गेलंच आहे.